रिमवर्ल्ड की ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड: श्रीमंतीचा दंड आणि उकाड्याची उधारी

मूठभर माणसं घेऊन वसाहत उभारायची, त्यांना जगवायचं आणि बहुतेक वेळा आपल्याच चुकीने ती बुडताना बघायची, अशा स्वतंत्र गेमची आता रांग लागली आहे. तरी 'एकच घ्यायचा तर कोणता?' असं कुणी विचारलं की चर्चा फिरून दोन नावांवर येते. एक लुडिऑन स्टुडिओजचा रिमवर्ल्ड. त्याची पूर्ण आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. दुसरा क्लेई एन्टरटेनमेंटचा ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड, जुलै २०१९ चा. दोघांतही तीन माणसांपासून सुरुवात होते, माणसांना थेट हलवण्यापेक्षा कामांचे प्राधान्यक्रम लावून द्यायचे असतात, आणि 'झोपण्याआधी अर्धा तास' म्हणता म्हणता पहाट होते. साम्य इथेच संपतं.

रिमवर्ल्डचं बलस्थान माणसं हे आहे. प्रत्येकाला भूतकाळ, स्वभाव, नाती, व्यसनं. टेबल नसताना जमिनीवर बसून जेवलं तर मनःस्थिती ३ गुणांनी उतरते. हे ऐकायला फुटकळ वाटतं, पण त्यातच घाणेरडी खोली आणि मेलेला कुत्रा यांची भर पडली की एकुलता एक डॉक्टर ऐन शस्त्रक्रियेच्या दिवशी भान हरपून फिरायला लागतो. सर्वसाधारण माणसाची मनःस्थिती ३५ टक्क्यांखाली गेली की छोट्या बिघाडांची शक्यता सुरू होते. अगदी तळाला गेली तर आग लावणं आणि हाणामारी. जखमेत जंतुसंसर्ग झाला की त्याची वाढ आणि शरीराची प्रतिकारशक्ती अशी शर्यत लागते. रुग्णाला बिछान्यात ठेवून वेळेवर, चांगल्या हाताने मलमपट्टी केली तरच शर्यत जिंकता येते. या गेममधून घडणाऱ्या गोष्टींना तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकतो.

ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेडमधली (यापुढे नुसतं 'ऑक्सिजन') माणसं, म्हणजे ड्युप्लिकंट किंवा थोडक्यात ड्युप, त्यामानाने सोंगट्याच. गोंडस असतात, पण त्यांच्यात जीव अडकत नाही. तिथे जीव अडकतो पाइपांत. त्या जगाच्या प्रत्येक चौकोनात एका वेळी एकच वायू राहू शकतो. कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो, हायड्रोजन छताला जाऊन चिकटतो. एका ड्युपला सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एक सायकल, म्हणजे तिथला एक दिवस, ६०० सेकंदांची, आणि तेवढ्यात त्याला १,००० किलोकॅलरी हव्या असतात. बाकी सगळा गेम या त्रैराशिकातून उभा राहतो.

उदाहरणार्थ, सुरुवातीचा ऑक्सिजन डिफ्यूजर सेकंदाला ५५० ग्रॅम शेवाळ खाऊन ५०० ग्रॅम ऑक्सिजन देतो, म्हणजे पाच जणांपुरता. पूर्ण वेळ चालला तर एका सायकलला ३३० किलो शेवाळ संपतं. आसपास ३३ टन शेवाळ असेल तर तुमच्याकडे १०० सायकली आहेत, त्यानंतर गुदमरणं. त्याआधी इलेक्ट्रोलायझर बसवायला हवा. तो सेकंदाला १ किलो पाण्यातून ८८८ ग्रॅम ऑक्सिजन आणि ११२ ग्रॅम हायड्रोजन काढतो, म्हणजे जवळजवळ नऊ जणांची सोय. हायड्रोजन वर साठवून जनरेटरला दिला की यंत्रणा स्वतःपुरती वीजही बनवते. मात्र बाहेर पडणारा ऑक्सिजन किमान ७० अंशांचा असतो, आणि नवखा खेळाडू तो सरळ वसाहतीत सोडतो. पंधरा-वीस सायकली सगळं छान चालतं. मग मीलवूड या खाण्याच्या पिकाची वाढ थांबते, कारण ते ३० अंशांच्या वर वाढत नाही. एका ड्युपमागे मीलवूडची पाच रोपं असा हिशोब असतो, त्यामुळे शेत थांबलं की उपासमार फार दूर नसते. मरतात ते भुकेने, पण मारणारा असतो उकाडा.

ही उकाड्याची उधारी सावकाश चढत जाते. कोळशाचे जनरेटर, बॅटऱ्या, दिवे, सगळेच थोडी थोडी उष्णता सोडत असतात आणि बंद लघुग्रहातून ती आपोआप कुठेच जात नाही. ती फेडायचा खरा मार्ग म्हणजे अ‍ॅक्वाट्यूनर आणि स्टीम टर्बाइनची जोडी. अ‍ॅक्वाट्यूनर आतून जाणारा द्रव १४ अंशांनी थंड करतो आणि काढलेली उष्णता स्वतः धरून ठेवतो. त्याला वाफेच्या बंदिस्त खोलीत ठेवायचं. वाफ १२५ अंशांच्या वर गेली की वर बसवलेली टर्बाइन ती ओढते, वीज देते आणि ९५ अंशांचं पाणी परत सोडते. लोक इथे दोन ठिकाणी फसतात. अ‍ॅक्वाट्यूनर पोलादाचा नसेल तर तो त्या वाफेत फार काळ टिकत नाही. आणि टर्बाइन स्वतः १०० अंशांना पोचली की बंद पडते, म्हणून थंड केलेल्या द्रवाचा एक फेरा टर्बाइनच्या खोलीतूनही न्यावा लागतो. हा फेरा विसरला की सगळं यंत्र वरून ठीकठाक दिसतं आणि काम मात्र करत नाही.

पोलादाची भानगड निराळीच. १०० किलो पोलादाला ७० किलो लोखंड, २० किलो शुद्ध कार्बन, १० किलो चुना. अ‍ॅक्वाट्यूनरला १,२०० किलो लागतं, म्हणजे भट्टीच्या १२ खेपा आणि १२० किलो चुना. शिवाय टर्बाइनला २०० किलो प्लास्टिक. भट्टी प्रत्येक खेपेला ४०० किलो द्रव थंडाव्यासाठी घेते आणि चांगलाच तापवून बाहेर टाकते. तेच साधं पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते पाइपातच उकळतं आणि पाइप फुटतो. कच्चं तेल किंवा पेट्रोलियम वापरा. ते हाताशी नसेल तर निदान दूषित पाणी, ते ११९ अंशांच्या पुढे उकळतं. हा परिच्छेद वाचताना हात शिवशिवत असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, तुमचा निर्णय झाला आहे. डोकं गरगरत असेल तर रिमवर्ल्डचा विचार नक्की करा.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, ती रिमवर्ल्डमधली. तिथे पडणारी धाड किती मोठी असेल, हे मुख्यतः तुमच्या वसाहतीच्या संपत्तीवरून आणि माणसांच्या संख्येवरून ठरतं. कोठारातला प्रत्येक दाणा पूर्ण किमतीने मोजला जातो, इमारती निम्म्या किमतीने, माणसं आणि जनावरंही त्यात धरली जातात. संपत्ती १४,००० च्या खाली असेपर्यंत तिचा धाडीला काहीच हातभार लागत नाही, पुढे मात्र आलेख चढत जातो. मक्याची किंमत नगाला १.१. हिवाळ्यासाठी ५,००० मका साठवला की संपत्ती ५,५०० ने वाढली. सोनं नगाला १०. हौसेने १,००० सोनं खणून ठेवलं तर १०,००० झाले, आणि त्या सोन्याने तटबंदी एका विटेनेही वाढत नाही. नाकापेक्षा मोती जड, तो प्रकार.

त्यात दुहेरी मार आहे. गरीब वसाहतीतल्या लोकांच्या अपेक्षा कमी असतात, म्हणून त्यांच्या मनःस्थितीला अगदी सुरुवातीला ३० गुणांचा आधार मिळतो. वसाहत श्रीमंत होत गेली की हा आधार टप्प्याटप्प्याने शून्यापर्यंत उतरतो. म्हणजे चांगलं पिकवलं, चांगलं बांधलं, की लोक जास्त कुरकुरतात आणि दारात जास्त दरोडेखोर येतात.

सुरुवातीला हे खटकत नाही, कारण ते माहीतच नसतं. एकदा कळलं की मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. संगमरवरी फरशी घालावी का, असा प्रश्न राहत नाही. ही फरशी किती दरोडेखोर आणेल, असा होतो. मेलेल्या शत्रूंचे कपडे कोठारात ठेवण्यापेक्षा जाळलेले बरे. खाणीतलं सोनं दगडात राहू द्यावं, गरज पडेल तेव्हा काढावं. जास्तीचा माल व्यापाऱ्याला विकून चांदी साठवली तर आकडा तसाच राहतो, म्हणून त्या चांदीचं लगेच औषध, चिलखत किंवा शस्त्र करावं. इतिहासाच्या पानावर आकडेवारीच्या टॅबमध्ये संपत्तीचा आकडा दिसतो. तो एकदा बघायची सवय लागली की व्यवस्थापनाचा गेम हिशेब लपवण्याचा गेम होतो.

दुसरा परिणाम म्हणजे तटबंदीचा साचा. शत्रू शक्यतो मोकळी वाट धरतो, म्हणून सगळीकडे भिंत, एकच दार उघडं आणि त्या दारासमोर बंदुकांचा अर्धगोल. तिसऱ्या-चौथ्या वसाहतीपर्यंत सगळ्यांच्या वसाहती एकसारख्या दिसू लागतात. भिंत खणून येणारे, आकाशातून थेट आत उतरणारे असे शत्रू घालून गेमने यावर उतारा ठेवला आहे. डोंगराच्या पोटात घर केलं तर जाड छताखाली किड्यांचं वारूळ फुटतं. पण हा उतारासुद्धा मला 'तू फार सुखात दिसतोस' म्हणून दिलेली चापटच वाटतो.

इथे न्यायाने बोलायचं तर रिमवर्ल्ड हे लपवत नाही. तो स्वतःला कथा घडवणारं यंत्र समजतो. कॅसांड्रा, फीबी आणि रँडी हे तीन निवेदक, म्हणजे कोणती घटना कधी घडवायची ते ठरवणारे, त्यासाठीच आहेत, आणि कथेत नायक सुखाने बसून राहिला तर कथा पुढे जात नाही. माणसं दगावली की पुढच्या धाडी काही काळ सौम्य होतात, ती मायाही याच हिशोबातली. शिवाय निवेदकाच्या खास सेटिंगमध्ये धाडींचा संपत्तीशी असलेला संबंध तोडता येतो. मग त्या काळानुसार वाढतात. ही सोय जरूर वापरून बघा, बऱ्याच जणांची तक्रार तिथेच मिटते. माझी पूर्ण मिटली नाही, कारण मग मागे पडलेल्या वसाहतीची गय होत नाही आणि धाड तरीही बाहेरून ठरवून धाडलेलीच राहते.

ऑक्सिजनमध्ये कुणी धाडत नाही. तिथे जे कोसळतं त्याची तार मागे मागे नेली की ती तुमच्या हातापाशी येते. वायरीवर १,००० वॉटांची मर्यादा असताना चौथं यंत्र जोडलं, म्हणून वायर जळली. शौचालयाचं दूषित पाणी उघड्यावर साठवलं, म्हणून दूषित ऑक्सिजन पसरला. आणि तुम्ही बांधलेलं यंत्र उत्तम चाललं तर गेम तुम्हाला सुखाने बसू देतो. सगळ्यांना हे आवडेलच असं नाही. धाडीची धडधड हवी असणाऱ्याला हाच गेम शंभराव्या सायकलीनंतर पाणीपुरवठा खात्यातली नोकरी वाटू शकतो.

त्याचेही दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. चूक केल्यापासून ती दिसेपर्यंत ४०-५० सायकली जातात, त्यामुळे जुना सेव्ह काढून उपयोग होत नाही. रिमवर्ल्डमध्ये निदान मृत्यू तिथल्या तिथे होतो. मोठ्या वसाहतीत, हजारो चौकोनांतले वायू आणि तापमान मोजता मोजता, बरा संगणकही रखडायला लागतो. मधल्या टप्प्यावर गेम फारसं समजावतही नाही. टर्बाइनची जोडणी स्वतःहून सुचलेले थोडे, बाकीचे दुसऱ्याचं बघून शिकलेले.

दोन्ही जड वाटत असतील तर बाजूचे तीन पटकन सांगतो. दीड-दोन तासांत एक डाव संपवायचा असेल तर एरेमाइट गेम्सचा अगेन्स्ट द स्टॉर्म (२०२३). त्यात प्रत्येक वस्ती नव्याने सुरू होते आणि इमारतींचे आराखडे नशिबाने मिळतात, त्यामुळे पाठ केलेली चाल चालत नाही. ११ बिट स्टुडिओजचा फ्रॉस्टपंक (२०१८) पहिल्या फेरीत अंगावर येतो. गोष्ट कळल्यावर दुसऱ्या फेरीत तेवढा येत नाही. आणि एकट्या माणसाने बनवलेला बॅनिश्ड (२०१४) जुना झाला असला तरी एक धडा अजून त्याच्याइतका कुणी शिकवत नाही. घरं बांधणं थांबवलं की तरुण जोडप्यांना स्वतंत्र घर मिळत नाही, मुलं होत नाहीत, आणि काही वर्षांनी अख्खं गाव एकदमच म्हातारं होतं.

तर, माणसांच्या गोष्टी हव्या असतील आणि कुणीतरी वरून आपली परीक्षा घेतंय हे चालत असेल, तर रिमवर्ल्ड. वेगळे विकत मिळणारे विस्तार आत्ताच घेऊ नका. मूळ गेमच पहिल्या वर्षात, म्हणजे गेममधल्या ६० दिवसांत, तुम्हाला दोन-चारदा हरवेल. आपल्या हाताने केलेलं आपल्याच हाताने निस्तरायचं असेल तर ऑक्सिजन, आणि माझं झुकतं माप कुठे आहे ते एव्हाना लपलेलं नसेलच. पहिल्या वसाहतीत आठांच्या वर ड्युप घेऊ नका. दर तीन सायकलींनी पॉड, म्हणजे ड्युप छापणारं यंत्र, नवा माणूस देऊ करतो तेव्हा त्याऐवजी सामान घेता येतं किंवा सगळंच नाकारता येतं. आणि एफ३ दाबून तापमानाचा पडदा उघडा, शेताशेजारची एक फरशी हेरून ठेवा आणि दर दहा सायकलींनी तिचा आकडा कागदावर उतरवा. दहा सायकलींत दोन अंश वाढत असेल आणि आज २४ असेल, तर टर्बाइन चालू व्हायला तुमच्या हातात ३० सायकली आहेत.