एफडीवरचं क्रेडिट कार्ड, दीड वर्ष वापरून: ५८८ रुपये ८२ पैशांनी काय केलं

आमच्या घरात उधारी कधीच नव्हती, बाबांनी सायकलपासून घरापर्यंत सगळं रोखीनं घेतलं आणि मीपण तसाच. त्यामुळे होम लोनला गेलो तेव्हा सिबिल (उधारी कशी फेडतो त्याचा स्कोअर) उणे एक निघाला. म्हणजे खराब नाही, इतिहासच नाही. म्हणून मे २०२४ मध्ये २५ हजारांची एफडी करून त्यावर कार्ड घेतलं, लिमिट २० हजार. एफडीचं व्याज चालूच राहतं म्हणून जिवावर आलं नाही.

वापर म्हणजे लाइट बिल, पेट्रोल, किराणा, बस. मिनिमम ड्यूच्या, म्हणजे किमान रक्कम भरून बाकीचं पुढे ढकलायच्या नादाला एकदाही लागलो नाही, महिन्याला साडेतीन टक्के व्याज कोण भरणार. सात महिन्यांनी स्कोअर आला ७३१, आणि तिथेच अडकला. बिल वेळेवर भरतोय तरी का हलत नाही ते कळेना. मग सिबिलचा रिपोर्ट नीट बघितला (वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, उधारीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलसकट चारही कंपन्यांकडून), तर त्यात थकबाकी १५-१६ हजार दिसत होती, २० हजारांच्या लिमिटच्या मानानं जास्त, म्हणून स्कोअर अडकलेला. माझं बिल १८ तारखेला बनतं आणि त्या दिवशी जे बाकी असेल तेच सिबिलला कळवलं जात होतं, तुम्ही पुढे ७ तारखेला सगळं भरा नाहीतर नका भरू. तेव्हापासून १५-१६ तारखेलाच पैसे टाकायला लागलो, बाकी चार हजारांच्या आत ठेवली, स्कोअर ७५२.

इथपर्यंत मी या कार्डाला पाचपैकी पाच दिले असते.

मे २०२५ च्या बिलात वार्षिक फी ४९९ आणि त्यावर जीएसटी ८९.८२, एकूण ५८८.८२. कार्ड लाइफटाइम फ्री म्हणून दिलेलं, तसा मेल माझ्याकडे आहे. बाकी सगळं आधीच भरलेलं असल्यामुळे बिलात एवढीच रक्कम होती. मी कस्टमर केअरला तक्रार टाकली आणि ठरवलं की चुकीचा एक रुपयाही भरायचा नाही. तीन वेळा तक्रार "क्लोज" केली, तीनही वेळा तोच मेसेज. जुलैत रिपोर्ट काढला तर महिन्यांच्या चौकटींत सगळीकडे ०००, ०००, ०००, आणि जूनच्या चौकटीत ०२३. तेवीस दिवस उशीर. स्कोअर ६८९. त्या एका चौकटीकडे बघून रात्रभर झोप आली नाही, कारण ती चौकट ३६ महिने रिपोर्टमध्ये दिसत राहते आणि लोनवाला पहिली तीच बघतो. वाद चालू असताना थकबाकीदार म्हणून कळवायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम असूनही हे झालं.

माझं मत आता बदललंय. आधी मुकाट भरा आणि मग भांडा. फी परत मिळते, ०२३ पुसायला जन्म जातो.

३ जुलैला बँकेच्या नोडल ऑफिसरला (कस्टमर केअरच्या वरचा तक्रार अधिकारी) आणि सिबिलला एकाच दिवशी लेखी तक्रार केली, सोबत तो मेल आणि रिपोर्टचं पान जोडलं. रिपोर्टमधली चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, एप्रिल २०२४ पासून हा नियम लागू आहे, तो तक्रारीत स्पष्ट लिहिला. कस्टमर केअरवाल्यांना तो माहीतच नव्हता, पण नोडल ऑफिसमधून चौथ्या दिवशी फोन आला. तरीही दुरुस्ती व्हायला ४७ दिवस लागले. फी परत आली, आणि वरच्या १७ दिवसांचे १७०० रुपये खात्यात जमा झाले, तेही एकदा आठवण करून दिल्यावर.

सर्व्हिसला दोन स्टार, त्याहून जास्त देणार नाही. कार्ड मात्र बंद करत नाहीये, कारण हेच माझं सगळ्यात जुनं खातं, उधारीचा इतिहास त्यावरच उभा आहे. जूनच्या चौकटीत आता ००० आहे, स्कोअर ७५६, आणि लोनची फाइल गेल्या सोमवारी परत दिली.