फायनान्सची पदवी: महागडी की स्वस्त?

महागड्या अभ्यासक्रमानंतर पहिला पगार जास्त मिळू शकतो, पण कर्जही मोठं. 10 टक्के व्याज आणि 10 वर्षांची मुदत धरली, तर 100 च्या कर्जामागे समान मासिक हप्त्यांतून सुमारे 159 परत जातात. शिकत असतानाचं व्याज मुद्दलात चढलं, तर आणखी जास्त. शिवाय माहितीपत्रकातल्या ‘सरासरी पगारा’वर जाऊ नका, दोन-चार गलेलठ्ठ पगार ती सरासरी वर खेचतात. मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, विचारा. तो सांगत नसतील, तर मी तरी तिथे कर्ज काढून जाणार नाही.

स्वस्त पदवीनंतर सुरुवात बहुधा धिमी. मात्र हप्ता नसल्याने कमी पगाराची, पण भरपूर शिकवणारी नोकरी धरता येते. सीएफएसारख्या (गुंतवणूक विश्लेषणातली व्यावसायिक पात्रता) परीक्षेसाठीही पैसे उरतात. दोन्ही पगारांतला कर कापल्यानंतरचा फरक हप्त्यापेक्षा स्पष्ट मोठा असेल, तरच मी महागडी निवडेन.