लहान मुलांच्या दातांचा दवाखाना, नाशिकरोड: लेकीची दाढ काढली, इंजेक्शनसकट

मागच्या आठवड्यात सहा वर्षांच्या लेकीची वरची दुधाची दाढ काढून आणली. त्याआधी पंधरा दिवस मी रात्री जागून रिव्ह्यू वाचत होते आणि सगळीकडे नुसतं 'मस्त डॉक्टर, पेनलेस ट्रीटमेंट', पण पेनलेस म्हणजे नक्की केलं काय ते एकानेही लिहिलेलं नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितेय, वैतागू नका.

आधी दुसरीकडे गेलो होतो, नाव घेत नाही. दाढ इतकी किडलेली की हिरडीवर पुळी आलेली. डॉक्टर म्हणाले, "काही नाही बेटा, मुंगी चावणार फक्त", मला हात धरायला लावले आणि गालाच्या बाजूने एक, टाळूला एक अशा दोन सुया बघता बघता टोचून मोकळे. टाळूच्या सुईला पोरगी अशी किंचाळली की बाहेर बसलेलं कुणाचं तरी बाळ पण रडायला लागलं. त्यानंतर तोंड उघडलंच नाही, दाढ तशीच घेऊन घरी. पुढे महिनाभर ब्रश घेऊन मी जवळ गेले तरी ओठ घट्ट, आणि घरात मुंगी दिसली की विचारायची, ही दाढेची मुंगी आहे का गं. सासूबाईंचं मत की दोरा बांधून दाराला अडकवा, आमच्या वेळी असंच व्हायचं. म्हटलं आई, तो हलणारा पुढचा दात नाहीये, ही दाढ आपोआप पडायला नऊ-दहा वर्षांची व्हावी लागते.

मग कळलं की नुसत्या लहान मुलांचे दात बघणारे वेगळे एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीत पुढचं शिकलेले, असतात, तर हा दवाखाना मिळाला. पहिल्या दिवशी काहीच केलं नाही, मला तर वाटलं पैसे घ्यायला बोलावलंय. खुर्ची वर-खाली केली, हवेचा फवारा आधी तिच्या हातावर मारून दाखवला मग दातावर, आरशाने दात मोजले, संपलं. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, याला टेल-शो-डू म्हणतात आणि ही पद्धत 1959 पासूनची आहे म्हणे. म्हणजे आधीच्यांना माहीत नसेल असं नाही.

दुसऱ्या वेळी आल्या आल्या वजन केलं, 19 किलो. मी विचारलं कशाला, तर भुलीचं औषध वजनावर ठरतं, लिग्नोकेन किलोमागे 4.4 मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही. त्या हिशोबाने हिला जास्तीत जास्त दोन कार्ट्रिज, म्हणजे भुलीच्या औषधाच्या तयार छोट्या नळ्या, आणि थोडंसं वर, प्रत्यक्षात एकही पूर्ण लागली नाही.

आता मेन गोष्ट. हिरडी आधी कापसाने कोरडी केली, कारण थुंकीवर जेल टिकत नाही, मग कान साफ करायच्या इअरबडवर स्ट्रॉबेरीच्या वासाचं बधिर करणारं जेल घेऊन तिथे धरलं आणि मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर लावून लेकीच्या हातात दिला. तोपर्यंत असिस्टंट ताई औषधाची कार्ट्रिज मुठीत धरून उभ्या, मला वाटलं त्यांना काम नाही, तर ती अंगाएवढी कोमट व्हावी म्हणून धरलेली, थंड औषध जास्त झोंबतं. जेलने वरवरचं दोन-तीन मिलिमीटरच बधिर होतं, म्हणजे टोचलेलं कळत नाही, पण खरी आग होते ती औषध भसकन आत ढकललं की. त्यात हे अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं भुलीचं औषध मुळात आंबट, म्हणजे अ‍ॅसिडिक, म्हणून झोंबतंच. त्यामुळे सगळा खेळ हळू ढकलण्याचा. सुई 30 गेजची, केसासारखी बारीक, आणि डॉक्टर एका हाताने तिचा गाल लुटूलुटू हलवत होते नि दुसऱ्या हाताने थेंब थेंब सोडत होते. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, अर्धी कार्ट्रिज जायला मिनिटभर लागलं. गाल हलवायचा कारण कोपर आपटलं की आपण चोळतो आणि दुखणं कमी जाणवतं ना, तेच, नवऱ्याने घरी येऊन गूगल केलं तर त्याला गेट कंट्रोल म्हणतात आणि ती थिअरी 1965 ची निघाली.

टाळूला मी घाबरले होते. तिथली कातडी हाडाला चिकटलेली असते, औषध पसरायला जागाच नाही, म्हणून सगळ्यात जास्त दुखतं तिथेच. यांनी थेट टाळूला हातच लावला नाही. आधी पाच मिनिटं थांबले, गालाची बाजू झोपली, मग त्या बधिर बाजूनेच दोन दातांमधल्या हिरडीतून सुई आत सरकवून औषध सोडत गेले, आणि मला वाकून बघायला सांगितलं, टाळूचा तेवढाच तुकडा पांढराफटक पडत चाललेला. मग त्या पांढऱ्या जागेवर इअरबडची दांडी दाबून धरली आणि तिच्या शेजारी शेवटची सुई. लेकीच्या पायाचा अंगठा ताठ झाला, "उं" झालं, बास.

आणि एक, डॉक्टरांनी 'दुखणार नाही' हे एकदाही म्हटलं नाही. म्हणाले चुणचुणेल, मी दहापर्यंत मोजतो, नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबतो. तिने दोनदा केला. पहिल्यांदा खरंच, दुसऱ्यांदा नुसतं खरं थांबतात का ते बघायला. दोन्ही वेळा थांबले. माझ्या मते त्या जेलपेक्षाही हे जास्त कामाला आलं, कारण नंतर दाढ काढताना तोंड तिने स्वतः उघडलं. काढायला मोजून अर्धं मिनिट.

मी आगाऊपणाने विचारलं की ते कॉम्प्युटरने इंजेक्शन देणारं मशीन तुमच्याकडे नाही का, 1997 पासून आलंय ते. हसले, म्हणाले मशीन पण हेच करतं, हळू ढकलतं. पटलं.

आता तक्रारी. अपॉइंटमेंट 11 ची, आत घेतलं 11:50 ला, तोवर पोरीचं अवसान गळत आलेलं. छतावर टीव्ही लावलाय, त्याचं फार कौतुक ऐकलं होतं, हिने ढुंकून पाहिलं नाही. पैसे आधीच्या ठिकाणापेक्षा दुपटीहून जास्त, वर दाढेच्या जागी लावायच्या तारेचे वेगळे, ती लावली नाही तर मागची दाढ पुढे सरकते म्हणे. आणि मोठी तक्रार म्हणजे बधिर गाल दोन-तीन तास चावू देऊ नका हे मला काउंटरवर पैसे मोजताना एका वाक्यात सांगितलं, कागद नाही काही नाही. रिक्षात मी फोनवर, आणि ही बाई गंमत म्हणून गालाचा आतला भाग चघळत बसलेली. दुसऱ्या दिवशी तिथे पांढरा चट्टा, गाल टम्म. मला वाटलं पू झाला, फोटो पाठवला तर म्हणाले जखम आहे, आपोआप भरेल. भरतेय. पण दाढेपेक्षा रडारड त्या गालाचीच झाली.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, रिक्षाने जा, पार्किंग अजिबात नाही. 4 स्टार, एक कापला तो काउंटरवरच्या घाईचा.