यवतेश्वर घाटात हे बूट: चढाला पास, उताराला नापास

माझं कराडला टायरचं दुकान आहे. वय ४९, पळायला लागून सहा वर्षं झाली. सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केली आणि दुसऱ्यांदा पायात हे बूट होते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. निम्मी चूक माझी आणि उरलेली निम्मी दुकानदाराची असेल, तर तिसऱ्यालाच कशाला बदनाम करा.

कोल्हापुरात ८,४९९ रुपयांना घेतले. घरी आणल्यावर पहिलं काम काय केलं, तर टायरची खोली मोजायचं गेज तळव्याला लावलं. टाचेला ३ मिमी रबर. पुढं चवड्यालाही रबर आहे, पण मध्ये तळपायाखाली रबरच नाही, नुसता फोम उघडा. वजन कमी ठेवायला हल्ली बरेचजण असंच करतात. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर आठ नंबरचा एक बूट २७० ग्रॅम भरला. जुलैत एकदा भर पावसात पळून आल्यावर तोच बूट ३४० भरला. जाळीतनं पाणी आत झटकन जातं, बाहेर यायला मात्र वेळ लावतं. साताऱ्याची शर्यत सप्टेंबरात असते, म्हणजे पाऊस असणार असं धरूनच चालायचं.

आता चांगलं ते आधी सांगतो. ओल्या डांबरावर पकड एक नंबर. समर्थ मंदिर ओलांडलं की घाट लागतो आणि मग वळणामागून वळण, चढ काही संपत नाही. धुकं, अंगावर भुरभुर, रस्ता चकाकतोय, पण बूट एकदाही सटकला नाही. चवड्यावर पळताना फोम छान उसळी देतो. पहिल्या वर्षी याच चढावर मी तीनदा चाललो होतो, यंदा एकदाच, तेही पाणी प्यायला. वर यवतेश्वरला पोचलं म्हणजे संपलं असं समजू नका, पुढं कासच्या रस्त्याला चढउतार आहेतच. (आणि कासची फुलं बघायला मिळतील म्हणून नाव नोंदवू नका. पठार लांब राहतं, आपण त्याच्या बऱ्याच आधी मागं फिरतो.) परतीच्या ठिकाणापर्यंत मी मनातल्या मनात या बुटांना पाचपैकी पाच देऊन टाकले होते.

नंतर आला उतार.

गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो, घाट चढताना इंजिन कळतं, उतरताना ब्रेक आणि टायर कळतात. स्वतःच्या पायाला हे लागू होतं हे मात्र डोक्यात आलं नाही. उतरताना पाऊल बुटात पुढं सरकतं. एक-दोन पावलांत काही कळत नाही. पण चार-पाच किलोमीटर सलग उतार म्हणजे हजारो पावलं, आणि प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख पुढच्या भिंतीवर आपटतं. उजव्या पायाचं आधी सुरू झालं, मग डाव्याचं. जपून उतरावं म्हणून मी मागं रेलायला लागलो, तर सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर आला. उतारावर तो स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो, म्हणून शर्यतीच्या दिवशी बरं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. त्यात गर्दी. २०१५ साली डोंगरी शर्यतीत सर्वांत जास्त धावपटू म्हणून याच शर्यतीची गिनीज बुकात नोंद झाली होती, त्यावरून गर्दीचा अंदाज करा. आपल्या सोयीची कड धरून उतरू म्हटलं तर पुढच्याची पाठ आडवी येते.

शेवटी कठड्याजवळ थांबलो आणि नाडी सोडून परत बांधली. बुटाला सगळ्यात वर एक जादा भोक असतं, ते बहुतेक लोक मोकळंच ठेवतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात घालायची, छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातनं ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागं घट्ट बसते, पाऊल पुढं सरकायचं बरंच कमी होतं. हे मला माहीत होतं. पण दोन महिने प्रीतिसंगमावर सपाट पळताना गरज पडली नाही, म्हणून केलं नव्हतं. सदाशिवगडला जायचो, पण तिथं पायऱ्या. पायऱ्या उतरताना पाऊल आडवं पडतं, डांबरी उतारासारखं पुढं घसरत नाही.

साताऱ्यात शिरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, ढोल, टाळ्या. एक आजी ओरडल्या, "पळ रं बाबा, आलं आता!" म्हणून पळालो. २ तास ३१ मिनिटं. पहिल्या वर्षीपेक्षा ९ मिनिटं कमी, आणि ती सगळी चढावर मिळवलेली. उतारावर उलट वेळ जास्तच लागला.

घरी मोजे काढल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाला सांगता, घाटात जायचं तर टायर बघून जा, आणि स्वतः असे गेलात होय!" कंदी पेढ्यांचा पुडा पुढं केला. पेढा घेतला, बोलणं काही थांबलं नाही.

मग दुकानातल्या रॅम्पवर, जिथं गाडी चढवतो तिथं, बूट घालून तोंड खाली करून उभा राहिलो. अंगठा थेट भिंतीला. कोल्हापूरच्या दुकानात पोरानं सपाट फरशीवर उभं करून बोटानं पुढचा भाग दाबला होता आणि "परफेक्ट, सर" म्हणाला होता. सकाळी अकराची वेळ. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, पळताना तर असतोच, तेव्हा बूट संध्याकाळीच घ्यावा. सोबत पळायचेच मोजे न्यावेत. आणि दुकानात उतार नसेल तर बाहेर पार्किंगचा असतो, तिथं दहा पावलं खाली चालून बघावं. विकणारा वाकडं तोंड करेल, करू दे.

आज ३८० किलोमीटर झालेत. गेज परत लावलं. टाचेच्या बाहेरच्या कडेला १.८ मिमी उरलंय, आतल्या कडेला २.६. कारच्या टायरला मी १.६ ला बदला म्हणतो. एका कडेनं झीज म्हणजे अलाइनमेंटची तक्रार, ती माझ्या पायाची, बुटाची नव्हे. मधला उघडा फोम मात्र खडीनं चांगलाच ओरबाडलाय, तिथं रबराची एक पट्टी टाकली असती तर काही बिघडलं नसतं.

सपाट पळणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. घाटात न्यायचे असतील तर अर्धा नंबर मोठा घ्या, पंजा रुंद असेल तर दुसरा बूट बघा. माझा हा जोड आता प्रीतिसंगमापुरता ठेवलाय. उजवं नख गेल्या गुरुवारी पडलं, डावं अजून हलतंय.