हिरव्या पट्टीच्या मोहापायी गेलेले २८ हजार

तासगावात आमचा बेदाण्याचा व्यापार आहे आणि किरकोळ विक्रीचा काही भाग वेबसाइटवरून होतो. जुलै २०२४ मध्ये एका एजंटाचा फोन आला. आमच्या वेबसाइटचे एसएसएल सर्टिफिकेट (वेबसाइट आणि ग्राहक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारे डिजिटल प्रमाणपत्र) साध्या दर्जाचे असल्यामुळे ब्राउझर ती लवकरच रोखतील, त्याऐवजी ईव्ही, म्हणजे एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन सर्टिफिकेट घेतल्यास वेबसाइटच्या पत्त्याशेजारी हिरव्या पट्टीत फर्मचे नाव झळकेल आणि तीन वर्षे त्याकडे पाहावे लागणार नाही, असे त्याने सांगितले. खरे तर भीतीपेक्षा त्या हिरव्या पट्टीचाच मोह मला जास्त पडला. मी २८ हजार रुपये भरले आणि होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या सेवेचा पासवर्डही देऊन बसलो.

ईव्ही देण्यापूर्वी व्यवसायाची नोंदणी आणि पत्ता पडताळला जातो, फोन करूनही खातरजमा केली जाते. आमच्याकडे कोणी साधा नोंदणीचा कागदही मागितला नाही आणि काम तासाभरात उरकले, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पट्टी दिसत नाही म्हटल्यावर ‘अपडेटनंतर दिसेल’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात क्रोमने ती नावाची पट्टी सप्टेंबर २०१९ मध्येच काढून टाकली होती आणि त्या वेळी कोणत्याही एका सर्टिफिकेटला ३९८ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नव्हती.

दसरा झाला आणि दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होताच वेबसाइटवर ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असा इशारा येऊ लागला. पुतण्याने सर्टिफिकेट उघडून दाखवले. ‘ऑर्गनायझेशन’समोर आमच्या फर्मच्या नावाऐवजी ‘नॉट पार्ट ऑफ सर्टिफिकेट’ असे होते, देणारी संस्था लेट्स एन्क्रिप्ट होती आणि मुदत ९० दिवसांची, नुकतीच संपलेली. ही संस्था सर्टिफिकेट फुकट देते. त्यात फक्त डोमेनवरचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावरचा ताबा तपासला जातो, मात्र माहितीचे कूटबद्धीकरण महागड्या सर्टिफिकेटइतकेच भक्कम असते. आमचे ग्राहक पैसे पेमेंट गेटवेच्या पानावर भरतात, त्यामुळे आमच्यासारख्या दुकानाला तेवढे पुरते. एखाद्या मोठ्या ग्राहकाने किंवा बँकेने सर्टिफिकेटमध्ये संस्थेचे पडताळलेले नाव मागितले, तरच ओव्ही (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन, म्हणजे संस्थेची पडताळणी करून दिलेले सर्टिफिकेट) किंवा ईव्हीचा विचार करावा.

एजंटाचा फोन बंद होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पासवर्ड बदलला आणि होस्टिंगवाल्यांना विचारले, तेव्हा कळले की आमचे मूळ सर्टिफिकेटही लेट्स एन्क्रिप्टचेच होते आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होत होते. एजंटाने ते बंद करून त्याच जातीचे दुसरे हाताने बसवले होते. होस्टिंगवाल्यांनी पाच मिनिटांत जुनी व्यवस्था पुन्हा सुरू केली, एक पैसाही न घेता.