आवाजावर उजळणारी पट्टी : सात महिने वापरल्यानंतर

अण्णा गेले तेव्हा मला रडूच आलं नाही. दहावा झाला, तेरावा झाला, भेटायला येणाऱ्यांचा चहा झाला. छातीतला दगड मात्र जागचा हलेना. त्या दिवसांत धाकट्या भावाने मोबाईलवर राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराची 'पल्स रूम' दाखवली. २००६ सालची कलाकृती. छताला ओळीने बल्ब टांगलेले. खाली दांडी धरली की आपल्या नाडीवर जवळचा बल्ब उघडझाप करतो, सोडली की तो ठोका रांगेत एक घर पुढे सरकतो आणि सगळ्यांत जुना निघून जातो. मी ते तीनदा पाहिलं.

भावाने घरी जमेल तेवढं केलं, फक्त नाडीऐवजी आवाजावर उजळणारं. डब्ल्यूएस२८१२बी जातीची ५ मीटर एलईडी पट्टी, तिच्यावर ३०० दिवे, ते चालवणारा ईएसपी३२ हा छोटा बोर्ड, छोटा डिजिटल माइक आणि बोर्डावर चालणारी डब्ल्यूलेड ही मोफत प्रणाली. इंटरनेट लागत नाही, आवाज कुठे साठत नाही. माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं.

सुरुवातीला पट्टीचं शेवटचं टोक पांढऱ्याऐवजी तांबूस दिसायचं. ५ व्होल्टचा दाब लांबवर पोचत नाही. दोन्ही टोकांना वीज दिल्यावर थांबलं. पूर्ण पांढऱ्या उजेडाला ३०० दिवे १८ अँपिअरपर्यंत मागतात, आमचा सप्लाय १० चा, म्हणून प्रणालीतच मर्यादा घातली. झपझप लखलखणारे प्रकार काढून टाकले, कारण भाचीला फिट येतात. तुमच्या घरात कुणाला तसा त्रास असेल तर हे आधी करा.

मी 'ग्रॅव्हीमीटर' हा एकच प्रकार वापरते. आवाज चढला की उजेड चढतो, मग सावकाश उतरतो. ते उतरणं बघत बसावंसं वाटतं. पहिला महिना मी नुसती गुणगुणत होते. एका दुपारी आई देवळात गेलेली असताना मोठ्याने म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी विडीवरून उगाच ओरडले तुमच्यावर." उजेड थेट छतापर्यंत गेला. तो खाली येईपर्यंत मी हुंदके देत होते, आणि प्रत्येक हुंदक्याला तो परत थोडा चढत होता. कुणी "गप्प हो" म्हणालं नाही.

झोपच उडाली असेल, जगणं नकोसं झालं असेल तर डॉक्टरकडे जा. मीही जाऊन आले, आणि त्याचा उपयोग झाला.

एक गोष्ट राहिली. आमचं घर शहराच्या पूर्व भागात, समोरच्या बोळात यंत्रमाग. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या त्यांच्या धोट्यांच्या खटखटीवर पट्टी रात्रभर धडधडायची, म्हणून बारीक आवाज गाळणारं 'स्क्वेल्च' वाढवून ठेवलं होतं. मार्चमध्ये एका रात्री ते चुकून शून्यावर गेलं. आई अंधारात येऊन बसली. अण्णांनी तीस वर्षं मागावर काढली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "धोटा फिरायलाय बघ."

तेव्हापासून स्क्वेल्च शून्यावरच आहे. समोरची पाळी सुटेपर्यंत पट्टी चालू ठेवतो.