सूक्ष्म अध्यापन, तालीम की गटपाठ? विषय-पद्धतीचे तास कुठे घालवावेत

माध्यमिक वर्गांसाठी छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी, घडवताना विषय-पद्धतीच्या, म्हणजे एखादा विषय कसा शिकवावा हे शिकवणाऱ्या, शिक्षकाच्या हाती तास मोजकेच असतात. ते सूक्ष्म अध्यापनाला द्यावेत, अडवत-अडवत घेतलेल्या तालमीला द्यावेत की गटपाठाला, हा खरा पेच. तिन्हींना 'सराव' हाच शब्द वापरला जातो, पण प्रत्येकातून वेगळी गोष्ट पक्की होते.

सूक्ष्म अध्यापनाची सुरुवात १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात झाली. एक कौशल्य, थोडे विद्यार्थी, थोडा वेळ. आपल्याकडे रुळलेलं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन आणि पुन्हा ६ प्रत्याभरण. एकाच खोलीत १२ जणांचं एकेक चक्र ओळीने घेतलं, तर एका कौशल्याला ४३२ मिनिटं लागतात. जोड्या लावल्या तर हे आटोक्यात येतं. पहिला पुनर्नियोजनाला बसला की त्याच १२ मिनिटांत दुसऱ्याचा पाठ आणि प्रत्याभरण उरकतं. दोघांचं मिळून ७२ ऐवजी ४८ मिनिटांत भागतं आणि १२ जणांचं २८८ मिनिटांत.

फलकलेखन, आवाज, प्रश्न विचारून थांबणं यासाठी हे उत्तम. अमेरिकी विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत शिक्षक प्रश्नानंतर साधारण १ सेकंदच थांबत होते. थांबणं ३ सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली. अशी सवय सहा मिनिटांत जोखता येते. आशय मात्र इथे जोखला जात नाही. 'विद्यार्थी' म्हणून बसलेले सहाध्यायी पदवीधर असतात, अचूक उत्तरं देतात आणि पाठ सुरळीत पार पडतो. निरीक्षण तक्त्यावर प्रश्नांच्या रेघा भरपूर पडतात, मग ते सगळे प्रश्न नुसत्या स्मरणाचे का असेनात.

तालमीत नेमकं याच्या उलट घडतं. पंधरा मिनिटांचा एकच तुकडा चौघे पाळीपाळीने शिकवतात, मार्गदर्शक मध्येच अडवतो, अर्धं मिनिट मागे नेतो आणि तीच जागा पुन्हा करवून घेतो. 'विद्यार्थ्यांना' आधीच चिठ्ठ्या दिलेल्या असतात, त्यांवर चुकीचं उत्तर आणि त्यामागचं कारणही असतं. तालमीचा जीव या चिठ्ठ्यांत आहे. त्या घाईत लिहिल्या तर बाकी सगळा देखावा.

दशांश अपूर्णांक घ्या. ०.८ आणि ०.४५ यांत मोठा कोणता? एक मुलगा म्हणतो ०.४५, कारण ४५ हे ८ पेक्षा मोठे. दुसरी म्हणते ०.८, आणि छात्राध्यापक 'छान' म्हणून पुढे जातो. तिच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलेलं असतं: 'कमी अंक असलेला अपूर्णांक मोठा'. उत्तर बरोबर, कारण चूक. ते उघडं पडायला दुसरी जोडी लागते, ०.३ आणि ०.४२६. तिथे तीच मुलगी ०.३ म्हणेल, आणि पहिला मुलगा चुकीच्या वाटेने बरोबर उत्तर देईल. म्हणून दोन्ही जोड्या विचाराव्यात, शिवाय 'कशावरून?' हेही. विषय येणं आणि विषय शिकवता येणं यांतलं अंतर ते हेच. अमेरिकी शिक्षण-अभ्यासक ली शुलमन यांनी १९८६ मध्ये आशय आणि अध्यापन यांना जोडणाऱ्या या ज्ञानाला स्वतंत्र नाव दिलं.

तालीम बिघडते ती मार्गदर्शकामुळे. दर मिनिटाला अडवलं की शिकवणारा खचतो आणि बाकीचे मजा बघतात. पंधरा मिनिटांत तीन-चार थांबे पुरेत, आणि कशावर अडवणार ते आधीच सांगावं.

गटपाठ ही जपानी शाळांतली 'जुग्यो केन्क्यू'ची रीत. चौघांनी मिळून एक पाठ रचायचा, एकाने खऱ्या वर्गात घ्यायचा, इतरांनी निरीक्षण करायचं, मग दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घ्यायचा. नियोजनाच्या ९० मिनिटांच्या तीन बैठका, ४० मिनिटांचे दोन तास, मधली चर्चा आणि दुरुस्ती मिळून १२० मिनिटं, शेवटी ३० मिनिटांचा आढावा: एकूण ५०० मिनिटं, तीही चौघांना एका पाठासाठी. महाग आहे. पण कविता किंवा इतिहासाच्या मूळ साधनातला (जुन्या कागदपत्रातला) उतारा शिकवताना मुलं काय बोलतील ते चिठ्ठीवर मावत नाही, तिथे याला पर्याय नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळे निरीक्षक शिक्षकाकडे बघत बसतात. प्रत्येकाला तीनच मुलं नेमून द्यावीत आणि त्यांनी वहीत काय लिहिलं, काय खोडलं ते टिपायला सांगावं. दोन पाठांत दोन-तीन दिवसांचं अंतर हवंच. त्याच दिवशी पुन्हा घेतलेल्या पाठात फार तर उदाहरणं बदलतात, रचना नाही.

निवडायचंच तर गणित आणि विज्ञानाच्या पद्धतीत निम्म्याहून अधिक वेळ तालमीला द्यावा. मुलांच्या ठरावीक चुका तिथे आधीच माहीत असतात: बल्बमधून जाताना विद्युतधारा 'संपते', झाडाचं वजन मातीतून येतं, (अ + ब)² म्हणजे अ² + ब². भाषा आणि इतिहासात तालीम कमी, पण वर्षात एक तरी पूर्ण गटपाठ. सूक्ष्म अध्यापन दोन्हीकडे सुरुवातीच्या तीन-चार कौशल्यांपुरतंच ठेवावं. खऱ्या वर्गाची आणि तिथल्या विषयशिक्षकाची सोय नसेल तर गटपाठाचा विचारच सोडावा. सहाध्यायांसमोर घेतलेला गटपाठ म्हणजे लांबवलेलं सूक्ष्म अध्यापन. तो वेळ चिठ्ठ्या लिहिण्यात घालवावा, आणि त्या छात्राध्यापकांकडूनच मुलांच्या तपासलेल्या वह्यांवरून लिहून घ्याव्यात.